घारताईची मापं

...आणि वर मला म्हणते, "मास्तर, कमरेत चार इंच सोडा, पण कोणाला कळता कामा नये!" अहो, कळता कामा नये? चौदा वर्षं मी दुसरं काय करतोय? तुम्हाला सांगतो, जेवताना काळजी, झोपताना काळजी, आणि बोलायची सोय नाही. कारण मी कोण? मी आपला शिंपी!

घारताईला तुम्ही सगळे ओळखता. करडा पोशाख, मुखवटा, कमरेला दोर. गच्चीवरून येते, अडकलेल्याला सोडवते, निघून जाते. तुम्हाला वाटतं ती एकच आहे. एकच? अहो, आत्ताआत्तापर्यंत माझ्या वहीत तीन मापं होती तिची!

पहिली माझी सख्खी मोठी बहीण. पोहायला शिकवायची. पलीकडच्या गल्लीत आग लागली तेव्हा ही तोंडाला पडदा गुंडाळून आत शिरली, दोन माणसं बाहेर काढली, आणि लोकांनी नाव ठेवलं घारताई. दुसऱ्या दिवशी दुकानात हजर. "ए, मला नीट पोशाख शीव. मागे पंख हवेत." म्हटलं, "ताई, पंख कुठंतरी अडकतील गं." "तू शीव रे!" शिवले. अडकले. फाटकात!

मग तिचा गुडघा गेला. म्हटलं, सुटलो... तर तिनं पोस्टातली एक बाई पाठवली! ही ताडमाड उंच. "मास्तर, पंख काढा, खिसे लावा!" लावले. पेपरात काय आलं? 'घारताईची उंची वाढली.' चाळिशीत उंची वाढते का हो कोणाची? पण लोकांना चालतं! पोस्टवालीची बदली झाली, आणि आली दातांची डॉक्टरीण. ही नुसती काडी. "मुखवट्यात चष्मा बसेल असं करा." चौथ्या मजल्यावर लोंबकळायचं आणि चष्मा सांभाळायचा! पण मी कोण बोलणार? मी आपला शिंपी!

तर हीच डॉक्टरीण मंगळवारी आली, कंबर सोडा म्हणाली. म्हटलं, "एवढं काय झालं?" "पाचवा महिना." माझ्या हातातली टेपच गळली. "बाई, या अवस्थेत दोरावर चढणार तुम्ही?" "मग कोण चढणार, तुम्ही?" आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. बाजारामागच्या इमारतीचा जिना कोसळलेला, तिसऱ्या मजल्यावर एक आजी आणि तिची नात अडकलेली, भिंतीला तडे जाताहेत, आणि बंबाची शिडी काही गल्लीत शिरेना. डॉक्टरीण ताडकन उठली, तिला घेरी आली, बसली.

आणि मागून आवाज आला, "आणा तो पोशाख इकडे."

माझी बायको हो! दुकानात काजं-बटणं करते, चौदा वर्षं तोच पोशाख इस्त्री करते. "अहो, बघताय काय? माप घ्या!" म्हटलं, "अगं, तू स्टुलावर चढलीस तर मी स्टूल धरतो!" "ते तुम्ही धरता. मी कधी सांगितलं धरायला?" बोला! "तुमच्या ताईंनी वर्षभर दोर शिकवलाय मला. तुम्हाला सांगितलं असतं तर घास उतरला असता का तुमच्या घशाखाली?"

सत्तावीस वर्षांचा संसार, हिचं माप मला पाठ. पण घाईघाईत टाचणी तिलाच टोचली. "आई गं! तिथं पडून काही होणार नाही मला, तुम्ही इथंच माराल!" दहा मिनिटांत कंबर सोडली, बाह्या दुमडल्या, आणि गेली. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

दोन तास! डॉक्टरीण खुर्चीत, मी मशीनवर, आणि तुम्हाला सांगतो, एका शर्टाला मी तीन बाह्या लावल्या. डॉक्टरीण म्हणे, "मास्तर, श्वास घ्या." घेत होतो हो, सोडायचा राहत होता!

मागच्या दारानं आली एकदाची. धुळीनं पांढरी, तळहात सोललेले. "उतरल्या दोघी," म्हणाली. "नात काही केल्या दोराला हात लावेना. मग म्हटलं, मलाही भीती वाटतेय गं, चल, दोघी मिळून भिऊ. तेव्हा कुठं गळ्यात पडली." मी रागवायचं ठरवलं होतं हो, चांगली चार वाक्यं जुळवून ठेवली होती! तळहात बघितले आणि नुसता कापूस आणायला धावलो. करणार काय? मी आपला शिंपी... वहीत चौथं माप लिहिलं.

परवा हवालदार आले, पॅन्ट खालून कमी करायला. मी खाली बसून टाचण्या लावतोय, आणि हे वरून सांगताहेत, "मास्तर, त्या दिवशी तिथं मीच होतो! घारताईला म्हटलं, पाणी तरी घ्या. तर म्हणते, 'नको हो, घरी नवरा काळजीनं अर्धा झाला असेल.' म्हणजे घारताईला नवरा आहे! काय होत असेल हो त्या बिचाऱ्याचं?"

म्हटलं, "होत असेल काहीतरी. तुम्ही पाय सरळ ठेवा."