साठ नवरदेव

विदाद : हसून झालं असेल तर बोलू का, मामा?

लाझर : थांब, अजून पोटभर झालं नाही. साठ! अगं, पन्नास माद्यांना एक नर पुरतो, हे आपल्या तोझर गावातलं शेंबडं पोरही सांगेल. आणि तू बागा आखायचं एवढं शिकून आलीस, दवाखान्यापुढे साठ नर खजूर ओळीनं उभे केलेस. नवरी एक नाही, नुसते नवरदेव!

विदाद : दवाखान्याची अट होती. फळं गाड्यांवर पडायला नकोत, गांधीलमाश्या नकोत. फळ मादीला धरतं, म्हणून नर लावले. मामी कुठंय? घरात नाही?

लाझर : नाही. चहा मी केलाय, कडू झालाय. गिळ. आणि नर काय उडवतो, ते तुनिसच्या कॉलेजात शिकवत नाहीत? मास्तरांना लाज वाटते वाटतं!

विदाद : शिकवतात. माझ्या लक्षात आलं नाही.

लाझर : लक्षात यायला मान वर करावी लागते. तू खाली मान घालून हिरवी वर्तुळं काढत बसलीस. माझ्या आजोबांनी आठ-आठ मीटरवर खजूर लावले, त्यांच्या सावलीत डाळिंबं, डाळिंबांखाली भाजी. तू किती अंतर धरलंस?

विदाद : तीन मीटर. उद्घाटनाला भरगच्च दिसायला हवं होतं.

लाझर : किती वेळ चाललं उद्घाटन?

विदाद : वीस मिनिटं.

लाझर : वीस मिनिटांसाठी शंभर वर्षांचं झाड. वा, बाईसाहेब!

विदाद : टोमणे नंतर मार. फुलांच्या पोया बाहेर आल्यात, दहा-बारा दिवसांत उकलतील. गेल्या वर्षी दोन-चारच होत्या, तरी उडालेल्या परागानं समोरच्या छातीच्या वॉर्डात लोकांना धाप लागली. यंदा एकेका झाडावर पंधरा आहेत. शनिवारी करवत लावायची ठरलीय. साठच्या साठ झाडांना.

लाझर : आणि तुझं नाव?

विदाद : फाटकावरच्या पाटीवर आहे. झाडं जातील, पाटी राहील. मग या गावात मला कुणी कुंडीसुद्धा लावायला देणार नाही.

लाझर : मी तर आत्ताही देणार नाही. पण झाडांनी काय घोडं मारलंय? करवत नकाशाला लावा म्हणावं! पोय उकलायच्या आधी उतरवली की परागाचं पीठ उडत नाही. इथं दर वसंतात माणसं माझ्या दारात नराच्या चार तुऱ्यांसाठी ताटकळतात. फळ न देणाऱ्या झाडाला जागा कोण देतो? साठ झाडं, पंधरा पोया... नऊशे. अख्ख्या गावाच्या माद्या फळतील. तुझा मूर्खपणा फायद्यात निघाला की!

विदाद : मग चढ ना! तेच सांगायला आलेय.

लाझर : एकाहत्तर वय आणि हा असला गुडघा. मशिदीच्या पायऱ्यांवर दोनदा टेकतो मी.

विदाद : रशाद?

लाझर : तुझा मामेभाऊ तिकडे फ्रान्सात, मार्सेयला पिझ्झा पोचवतो. चढणारे सगळे असेच गेले.

विदाद : शिडीची गाडी मागवते.

लाझर : मागव. आत कशी घालतेस ते बघायला मी खुर्ची घेऊन येतो. तुझ्या झाडांत आणि भिंतीत बकरी अडकेल. तीन मीटर म्हणे!

विदाद : ...खरंय.

लाझर : बारा वर्षांची होतीस, तेव्हा म्हटलं होतं, ये, चढायला शिकवतो. काय म्हणालीस?

विदाद : काटे टोचतात.

लाझर : अजूनही टोचतात.

विदाद : दहा दिवसांत शिकता येतं, मामा?

लाझर : चढणं दोन दिवसांत येतं. उतरणं नाही. पहिल्या झाडावर रडशील, दहाव्यावर मला शिव्या घालशील. गाव जमेल बघायला.

विदाद : जमू दे. करवत थांबवा, दर वर्षी पोया मी उतरवीन, असं दवाखान्याला आजच लिहून देते.

लाझर : दर वर्षी? नीट विचार कर. हे वीस मिनिटांचं काम नाही.

विदाद : दर वर्षी. सुरुवात कुठून करू? नकाशात पूर्वेकडून क्रमांक घातलेत...

लाझर : चुलीत घाल तो नकाशा. छातीच्या वॉर्डाची डावीकडून तिसरी खिडकी. तिच्यासमोरचं झाड आधी.

विदाद : तेच का?

लाझर : परवापासून तुझ्या मामीची खाट तिथं आहे.