झोप उडवणाऱ्या गोळ्या

आई : असा ओढू नकोस दोरा. अंगठ्याची शिवण आहे ती. मोजा उसवला तर गिऱ्हाईक माझ्या नावानं ओरडेल.

मित्सुए : साठी उलटली, आई. आता तरी हे अंगठ्याचे ताबी मोजे शिवणं सोड.

आई : सोडते, आणि काय करू? तुझ्यासारखी पुस्तकं घेऊन बसू? तोमोजी, चुळबुळ नको. एका जागी बसून भात खा.

तोमोजी : बसलोय की. ताई, बघ ना, आई मला कुत्र्यासारखं बसवते.

मित्सुए : तिशी ओलांडलेला घोडा तू, म्हणे कुत्रा.

तोमोजी : घोडा उभाच असतो. मी चाललो कोंबड्यांकडे.

आई : गेला. दोन घाससुद्धा नाही खाल्ले. जन्मापासून असाच, एका जागी टिकत नाही. मित्सुए, तू ग्रंथालयात असतेस, म्हणून विचारते. हा पोटात असताना माझं काय चुकलं गं?

मित्सुए : काही नाही चुकलं.

आई : पाचव्या महिन्यात श्वानदिनी देवळात जाऊन पोटाला पट्टा बांधला, कुत्रीसारखी सुखरूप सुटका व्हावी म्हणून. खेकड्याला शिवले नाही. मागच्या गल्लीत आग लागली तेव्हा सासूबाईंनी माझे डोळे बांधून ठेवले. पोटुशीनं आग बघितली की बाळाला लाल डाग येतो म्हणून.

मित्सुए : त्याच्या अंगावर एक डाग नाही.

आई : तेच तर. मग त्या गोळ्या?

मित्सुए : कसल्या?

आई : झोप उडवणाऱ्या. लढाई संपल्यावर औषधाच्या दुकानात सर्रास मिळायच्या. मोज्यांच्या कारखान्याचा मुकादम स्वतः आणून द्यायचा, रात्रभर शिवा म्हणून. एक घेतली की हात नुसता पळायचा. आणि हा आत उड्या मारायचा. मी म्हणायचे, माझ्यासारखाच कामसू निघणार. पुढे सरकारनं बंद केल्या त्या. उगीच का केल्या असतील?

मित्सुए : चहा गार होतोय, आई.

आई : पुस्तकात काय लिहिलंय ते सांग.

मित्सुए : उद्या बघून सांगते.

(दुसऱ्या दिवशी सकाळी शिवणयंत्रापाशी आई कोसळली, ती उठलीच नाही. दुपारी तिच्या अंथरुणाशी दोघं भावंडं.)

तोमोजी : ओठांना पाणी कशाला? ती पीत नाहीये.

मित्सुए : गेलेल्या माणसाला द्यायचं शेवटचं पाणी असतं. कापूस बुडव. आधी वरच्या ओठाला, हळू.

तोमोजी : हात हलतोय माझा.

मित्सुए : हलू दे. आईला सवय आहे.

तोमोजी : मी झोपलोय असं वाटलं ना, की आई मला म्हणायची, चुकले रे. डोक्यावर हात ठेवून. मी डोळे मिटूनच राहायचो. बरं वाटायचं. पण काय चुकली ती?

मित्सुए : बस इथं. मला आईशी बोलायचंय, तूही ऐक.

तोमोजी : तिला ऐकू येतं?

मित्सुए : माहीत नाही. आई, काल विचारलंस ते मी केव्हाच वाचलं होतं. ते औषध आईच्या रक्तातून वारेत जातं, वारेतून बाळात. मेंदू घडत असतो, तिथवर पोचतं. एखाद्या मुलाबद्दल छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. पण तुझा संशय खरा असावा.

तोमोजी : म्हणजे मी गोळ्यांमुळे असा?

मित्सुए : बहुतेक.

तोमोजी : आईला माहीत होतं, घेताना?

मित्सुए : नाही रे. लोकांनी जे जे सांगितलं ते सगळं पाळलं तिनं. हे तेवढं कुणी सांगितलं नाही.

तोमोजी : मग तसं सांग ना तिला.

मित्सुए : तुला कुणी सांगितलंच नव्हतं गं, आई.