बेसवरची जांभई

आमच्या पूजाच्या बेसबॉलचं सांगते, ऐका. एक पोरगी आउट केली की मॅच आपली. समोरची बॅटवाली लई चपळ, चेंडू नुसता पायापुढं टेकवून पहिल्या बेसकडं पळायची. आन् आमची बया तिसऱ्या बेसच्या मागं लांब उभी राहून जांभया देतेय! मी जाळीतनं वरडले, "अगं भवाने, पुढं सरक की!" ढिम्म हलली न्हाय. ते बघून बॅटवालीनं खुशीत चेंडू टेकवायला बॅट आडवी धरली, तशी पूजा सुसाट धावली. टेकवलेला चेंडू उचलला, ती पोचायच्या आत पहिल्या बेसला फेकला. आउट!

तिचा बाप छाती फुगवून म्हणाला, "हे सोंग कुटं शिकलीस गं?"

"तुमच्याकडंच की, पप्पा. नळाला पाणी आलं की तुमी असंच झोपल्याचं करता. फकस्त तुमी उठत न्हाय."