मामाच्या हातचा घास

सभेचे अध्यक्ष, जिल्ह्याहून चिखल तुडवत आलेले केरेंगासाहेब. व्यासपीठावरचे फादर वाइने. ज्यांच्या निरोपासाठी हा मंडप घातला त्या सिस्टर थेक्ला. डोंगराच्या दोन्ही अंगांनी चालत आलेल्या आयाबायांनो, बंधूंनो. आणि तिसऱ्या बाकावर बसलेली माझी बहीण युआना. सगळ्यांना माझा नमस्कार.

मी गांदे. आरोग्य केंद्राच्या समितीचा प्रमुख म्हणून चार शब्द बोलायला मला उभं केलंय. फादरांनी काल बजावून ठेवलं, की गांदे, थोडक्यात आटप, खड्ड्यातलं डुक्कर शिजून तयार असेल. फादर, मी लांबवणार नाही. पण आज थोडक्यातही आटपणार नाही.

सिस्टर आपल्याकडे आल्या त्याला सव्वीस वर्षं झाली. समुद्रकाठच्या बाई. आपल्या बायकांनी पहिल्याच आठवड्यात म्हणून घेतलं, ही मासे खाणारी, हिला डुकराचं काय कळणार? आणि डुकराचं त्यांना जेवढं कळलं तेवढं आपल्याला सात पिढ्यांत कळलं नाही. मेजवानी झाली की तिसऱ्या दिवशी पोरं पोट धरून का लोळतात? दोन-दोन दिवस ठेवलेल्या मांसात जंतू वाढतो, नुसत्या रताळ्यांवर वाढलेल्या पोराच्या पोटाला त्याचं विष पचवता येत नाही, मग आतडं सुजतं, काळं पडतं आणि वाट बंद होते. हे त्यांनी घरोघरी जाऊन सांगितलं. आपण माना डोलावल्या आणि डुकरं मारली. आता हसा, पण खरं आहे.

सिस्टरांच्या कामाची यादी साहेबांनी वाचली. तीत एक गोष्ट नव्हती. ती मी सांगतो.

एकोणीस वर्षांपूर्वी माझ्या मेहुण्याने, युआनाच्या नवऱ्याने, मोठी मेजवानी घातली होती. बहिणीच्या पोराच्या जिवावर मामाचा हक्क असतो, आणि तो हक्क मारलेल्या डुकराची एक अख्खी बाजू, चरबीसकट, मामाला देऊन पुरा करायचा, हे इथे कुणाला सांगायला नको. त्या दिवशी माझी बाजू दुसऱ्या कुणाला तरी गेली. चुकून गेली असेल. मी फुगून बसलो, जेवण सोडून घरी आलो. तिसऱ्या दिवशी मोंदोच्या पोटात दुखायला लागलं. मोंदो म्हणजे युआनाचा धाकटा. चार वर्षांचा होता.

सिस्टरांनी त्याला ठेवून घेतलं. हाताला सलाईन, नाकातून नळी. नळीतून हिरवं पाणी बाटलीत यायचं. त्यांनी युआनाला सांगितलं, मला सांगितलं, दारावर खडूने लिहिलं, की याला तोंडाने काही म्हणजे काही द्यायचं नाही, पाण्याचा थेंबही नाही. दुसऱ्या दिवशी पोट मऊ पडलं. पोर हसलं. सिस्टर म्हणाल्या, बहुतेक कापावं लागणार नाही, तरी मोठ्या इस्पितळात न्यायला विमान बोलावून ठेवते.

तिकडे गावात म्हाताऱ्यांची बैठक बसली. त्यांनी ठरवलं की पोराला झालंय काय ते उघड आहे, मामाचं मन तापलंय, तो राग पोराच्या पोटात उतरलाय. लगेच दुसरं डुक्कर मारलं. माझी बाजू माझ्या दारात आणून टाकली आणि म्हणाले, जा, तुझ्या हातचा घास त्याच्या तोंडात घाल, म्हणजे मिटलं.

मी गेलो. दुपारची वेळ होती. सिस्टर रेडिओवर विमानाशी बोलत होत्या, युआना ओढ्यावर कपडे धूत होती. मोंदो म्हणाला, "मामा, भूक लागलीय."

मी दिला. चरबीचा एक तुकडा, मग दुसरा. त्याने बोटं चाटली. मला फार बरं वाटलं, हे मी लपवत नाही. मला वाटलं, मी भाच्याला माफ केलं.

संध्याकाळी पोट ढोलासारखं झालं. सिस्टर धावत आल्या. त्यांनी त्याच्या ओठांवरून बोट फिरवलं, बोटाला चरबी लागली. ते बोट त्यांनी पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"गांदे, याला कुणी काही दिलं का?"

मी म्हणालो, "नाही."

त्यांनी परत विचारलं नाही. ढग उठेनात, विमान उतरेना. सकाळी ते उतरलं तेव्हा न्यायला कुणी उरलं नव्हतं.

मग काय झालं ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. नळीने पोर मारलं, असं गाव म्हणालं. मीही मान डोलावली. सिस्टरांचं नाव 'नळीवाली' पडलं. युआनाने त्यांच्याशी बोलणं टाकलं, ते आजतागायत. पुढे चार वर्षं कुणी पोराच्या नाकात नळी घालू दिली नाही. आया मुलं उचलून घरी न्यायच्या. त्यातली किती गेली, मी मोजली नाहीत. समितीचा प्रमुख मात्र झालो.

सिस्टरांनी तोंड का उघडलं नाही? मी पुष्कळ वर्षं विचार केला. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं असतं, तर माझ्या मेहुण्याचे लोक कुऱ्हाडी घेऊन आले असते, आमचे लोक त्यांच्यावर चालून गेले असते. दोन्हीकडची घरं जळाली असती. त्या परमुलखातल्या बाईने ते सगळं आपल्या नावावर घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडला. मला वाटतं, कारण हेच. मी त्यांना कधी विचारलं नाही.

तुम्ही म्हणाल, गांदे, तुझा आवाज कसा कापत नाही? काय सांगू. त्या दिवसापासून मला फारसं काही वाटत नाही. जेवतो, चालतो, सभा घेतो. आज हे बोललो म्हणून हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसंही काही नाही.

अध्यक्ष, पाहुणे, चूल सांभाळणाऱ्या बायका, मंडप घालणारी मंडळी, सगळ्यांचे आभार. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, तर म्हाताऱ्याचं बोलणं म्हणून सभेने सोडून द्यावं. बाकीची माफी मी सभेकडे मागत नाही. ती सभेच्या हातात नाही.

युआना, ऊठ. सिस्टरांचा हात धर आणि त्यांना धावपट्टीपर्यंत पोचवून ये. मेहुण्याची माणसं मागच्या बाकांवर बसली आहेत, मला दिसतात. त्यांना एवढंच सांगतो, सिस्टरांचं विमान उडेपर्यंत बसून राहा. मी कुठे जात नाही.