बोटीचा आशीर्वाद आणि जाम झालेली चेन

नवरा चिडला की त्याला आधी सुरीच का लागते, सांग मला! आमच्या सायमनचंच बघ. पावसाळाभर गोराईला बोट कॅनव्हासच्या कव्हरखाली झाकून ठेवलेली. मासेमारी सुरू व्हायची म्हणून फादर बोटीला आशीर्वाद द्यायला येणार, आणि नेमकी कव्हरची चेन जाम! खाऱ्या हवेने तिच्या दातांत मीठ धरलेलं. सायमनने ओढली, दिराने ओढली, रनर जागचा हलेना.

"फाडतोच आता," सायमनने सुरी काढली.

"फाड ना. पुढच्या पावसात बोटीला माझं लुगडं नेसव!"

मी चेनीवर गोडं पाणी ओतलं, जुन्या टूथब्रशने मीठ घासून काढलं, कोरडं पुसलं. रनर इंचभर सरकला आणि परत अडकला. आता मेण हवं होतं. पिशवीत बोटीवर लावायची मोठी मेणबत्ती होती, तीच बाहेर काढली.

"वेडी झालीस काय? ती आशीर्वादाची आहे!"

"बोट उघडली तर आशीर्वाद मिळेल ना रे!"

वरपासून खालपर्यंत मेणबत्ती दातांवर घासली आणि रनर ओढला. सर्रकन अख्खं कव्हर उघडलं. सायमनचं तोंडही तसंच उघडं.

तेवढ्यात फादर आले. त्यांनी मेणबत्ती हातात घेतली, तर तिची एक बाजू पार झिजलेली.

"ही अशी कशी झाली गं?"

म्हटलं, "फादर, ही पेटवायच्या आधीच पावली."