सखीरच्या मैदानावरचा झबला

(बहारीनमध्ये आमच्या हूऱ्याच्या बिल्डिंगमध्ये राहणारे दत्ताराम सखीरच्या एका कॉलेजचं फुटबॉलचं मैदान साफ करतात. त्यांनी सांगितलं तसंच तुमच्यासाठी लिहिलं आहे. – आजी)

मी गुहागरकडचा, काकू. आमच्या गावात शिमग्याला पालखी नाचते, ढोल वाजतात, माणसं घसा बसेस्तोवर ओरडतात, आणि माझा बाप त्यातला ढोलवाला, म्हणून गोंगाट मला पहिल्यापासून आवडतो. मेव्हण्याने मला बहारीनला आणलं, तो मुहर्रकला राहतो, एअरपोर्टच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. क्लीनिंगच्या कंपनीत लागलो, कंपनीने सखीरला धाडलं. पहिल्याच मॅचला स्टँडमधून ढोल ऐकला आणि म्हटलं, चला, शिमगा इथेही आहे.

आता ही कॉलेजची पोरं मॅच कशी बघतात ते काय सांगू तुम्हाला. बाक बसायला असतो हे त्यांना ठाऊकच नाही. तोंडात सूर्यफुलाच्या बिया, टरफलं खाली, चहा प्यायचा, कप खाली, गोल झाला की वहीची पानं फाडून हवेत. हरले की टाकतात, जिंकले की जास्त टाकतात. म्हणजे आमचं कॉलेज जिंकावं म्हणून मी खालून हात जोडायचो आणि जिंकलं की माझीच कंबर मोडायची.

पहिल्या दिवसाची गंमत ऐका. मैदानाचे रखवालदार अबू खालिद, इथलेच, वयस्कर माणूस. मॅच संपल्यावर स्टँडकडे हात करून म्हणाले, झबाला, झबाला. मला तेव्हा अरबी मफी, म्हणजे शून्य. मला वाटलं कुणाच्या तरी बाळाचं झबलं हरवलं. आई बिचारी शोधत असेल म्हणून मी सगळ्या बाकांखाली वाकून वाकून बघितलं, कचरा बाजूला सारून बरं का, आणि परत येऊन हाताचा पाळणा करून सांगितलं, नाही हो सापडलं. अबू खालिदना कळेना, बाळ कुठून आलं. शेवटी आमचा फोरमन म्हणाला, अरे भाई, झबाला मतलब कचरा. हे मी फोनवर बायकोला सांगितलं, सुनंदाला. ती इतकी हसली की शेजारीण विचारायला आली.

मग मागच्या हिवाळ्यात काय झालं, जोराचा वारा सुटला आणि कप, कागद सगळं उडून मैदानात गेलं, मॅच थांबवावी लागली. स्पोर्ट्सचे साहेब तापले. म्हणाले, पुन्हा एकदा असं झालं की स्टँड खलास, पोरं नकोत, ढोल नको, रिकाम्या मैदानात खेळा. आणि नेमकी तेव्हाच सुनंदा व्हिजिट व्हिसावर आलेली, पहिल्यांदा, भावाकडे मुहर्रकला उतरलेली. काकू, मी तिला इतकी वर्षं नुसतं सांगत आलो होतो. एका मॅचला ती आली तेव्हा मी मॅच संपेपर्यंत स्टोअरमध्ये अडकलो, तिला आत न्यायला कुणी नव्हतं आणि तिला काही बघताच आलं नाही. आता पुढच्या मॅचला तरी तिला हा शिमगा दाखवायचाच होता. स्टँड बंद झाला तर काय दाखवू, रिकामे बाक?

मॅचच्या दिवशी आम्ही रांगेरांगेला पिशव्या बांधल्या. सुनंदा भावाबरोबर मधल्या रांगेत, हिरवी साडी, वर माझं जॅकेट. हाफ टाइमला वारा आला. साहेब खाली जिन्याजवळ हाताची घडी घालून उभे. तेवढ्यात सुनंदाच्या पुढच्या एका उंच पोराने कप खाली टाकला.

आणि बाई उठली. माझ्या गोष्टीतला शब्द तिच्या लक्षात होता, अर्थ मात्र तिने स्वतःचा लावला होता, झबाला म्हणजे कचरा उचल. तिने पोराच्या खांद्यावर टिचकी मारली आणि गावच्या आवाजात म्हणाली, झबला.

पोरगा वळला. छातीवर हात ठेवून म्हणाला, आना झबाला? म्हणजे मी कचरा? हिला वाटलं, मी उचलू का असं विचारतोय. ही म्हणते, हो हो, झबला, आणि पिशवी पुढे धरली.

मी जिन्यावरून धावत सुटलो, म्हटलं आता ही भांडण लावते. पण पोराचे मित्र हसायला लागले, एकाला तर उभं राहवेना. म्हणतात, मामा बरोबर बोलली, तू झबालाच आहेस. मामा म्हणजे इथे आई, आपला मामा नव्हे. मग तो पोरगाही हसला, कप उचलला, पिशवीत टाकला. ढोलवाल्याने ताल धरला, झ-बा-ला, झ-बा-ला, आणि सगळा स्टँड ओरडायला लागला, ज्याने टाकलं त्याच्याकडे बोट, त्याने उचलायचं. कप हातोहात खाली येऊ लागले आणि रांगेच्या टोकाला कोण, तर साहेब. त्यांच्या हातात कपांची ही एवढी चळत. घडी केव्हा सुटली त्यांनाही कळलं नाही.

मैदानात एक कागद गेला नाही. जाताना साहेब सुनंदाला म्हणाले, शुक्रान मामा, नेक्स्ट मॅच, ऑल कम. ही मला विचारते, काय म्हणाले? म्हटलं, थँक्यू म्हणतात, स्टँड उघडा राहतोय.

आमचे तीन गोल झाले त्या दिवशी. सुनंदा ढोलावर टाळ्या वाजवून वाजवून दमली.

आता ती गावी आहे, काजूचे दिवस आहेत. पोरं अजून विचारतात, मामा कुठे? कुणी कप टाकला की अजून सगळे ओरडतात. टरफलं मात्र टाकतातच, ती कोण वेचणार, तेवढं काम त्यांनी मला ठेवलंय. तुमच्या नातवंडांच्या कॉलेजातही फुटबॉल आहे म्हणता, त्यांना सांगा, खूप ओरडा, बसू नका. देव सगळ्या पोरांचा घसा असाच शाबूत ठेवो, बाकीचं मी झाडतो.