सेरवाच्या नावावरच्या चार ओळी

—हो हो, प्रोग्राममधल्या त्या चार ओळींपुढं सेरवाचंच नाव आहे, मॅडम, मी कुठं नाही म्हणतोय? लिहा. पोरीला काढून टाका, चौकशी संपली, तुम्ही आजच कुमासीहून अक्राला परत — काय? त्या ओळी करतात काय? सांगतो ना. रक्तपेढीतली नर्स पडद्यावर अटी निवडते — रक्तगट कुठला, पिशवी किती दिवसांची, गाव कुठलं. ती किती अटी निवडणार, आधी कुणाला ठाऊक? म्हणून आमचा प्रोग्राम त्या आयत्या वेळी जोडतो, फांदीला फांदी, झाडासारख्या. 'आणि'नं जोडायच्या तर मुळाशी 'खरं' ठेवायचं, 'किंवा'नं जोडायच्या तर 'खोटं'. एवढंच! परवा नर्सनं मागितलं 'बी निगेटिव्ह किंवा ओ निगेटिव्ह', आणि मुळाशी बसलेलं 'खरं'. मग काय, 'किंवा'नं पुढं काहीही जोडा, उत्तर खरंच! सगळ्या पिशव्या पास. बाळंतिणीसाठी भलत्याच गटाचं रक्त निघालं. खाटेपाशी नर्सनं लेबल वाचलं म्हणून — जाऊ द्या. दोन तास रक्ताविना काढले बाईनं, पण वाचली ना?

नवशिक्याची चूक आहे ही. — छे, सेरवा नवशिकी कसली! तिनंच तर मार्चमध्ये सांगितलं होतं, "ओफोसू सर, 'किंवा'ला हे मूळ चालायचं नाही." म्हणजे — असंच काहीसं. ताटातलं माझं वाकये, आमचा घेवडा-भात हो, गार होत होतं. मी म्हटलं, "बाई गं, हे झाड मी लावलंय, मला शिकवू नकोस." सगळे हसले. तीही हसली बिचारी. — मग तिनं का लिहिलं? तिनं कुठं — अहो, त्या दिवशी वीज गेलेली, माझा लॅपटॉप बंद पडलेला, तिच्या लॅपटॉपवर बसून मीच चार ओळी लिहून पाठवल्या. तिच्या लॅपटॉपवरून गेलं की नाव तिचंच पडतं, त्याला मी काय करू?

असं बघू नका माझ्याकडं. तिला विचारलंत ना सकाळी? सांगितलं असेलच तिनं. — नाही? माझं नावच घेतलं नाही? एकदाही नाही?

...काढा तो कागद. तिचं नाव खोडा. ओफोसू लिहा, क्वाबेना ओफोसू. लिहिलंत? मग आता जा, मॅडम. ती बाहेर बाकावर बसलीय, तिला जाताना सांगा — नको. काही सांगू नका. जा तुम्ही.